दहा बोटं, सहा वर्षं, पाच वेळा : सरकारी आयटी कामाची गुन्हे-पडताळणी

मी_कऱ्हाडकर

धागा काढायला निमित्त माझ्या डाव्या हाताची अनामिका.

मंगळवारी ठसे द्यायला गेलो होतो. अमेरिकेच्या मिडवेस्टात राहतो, एका राज्याच्या राजधानीत, एवढं पुरे. ठसे घेणारं केंद्र एका छोट्या मॉलमध्ये आहे. एका बाजूला नखं रंगवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला इन्कम टॅक्स भरून देणारे. काउंटरवरच्या बाईंनी माझा हात हातात घेतला, "बोट सैल सोड, तू फिरवू नकोस, मी फिरवते" म्हणाल्या आणि एकेक बोट काचेवर लोळवायला लागल्या. नऊ बोटं पडद्यावर हिरवी झाली. अनामिका लाल. ओल्या कागदाने पुसली, लाल. "कपाळावर घास जरा, तेल लागू दे." घासली. तरी लाल. शेवटी तशीच पाठवली.

बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी पण हेच बोट होतं ना?" म्हणजे मी आता तिथला गिऱ्हाईक झालोय.

मी एका कंत्राटदार कंपनीतर्फे राज्य सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत डेटाबेसचं काम करतो. सहा वर्षांत चार खाती झाली, त्यातलं एक दोनदा. पोलिसांची माहिती असलेला सर्व्हर असेल तर एफबीआयचं सीजेआयएस (गुन्हेविषयक माहितीचं) सुरक्षा धोरण लागतं. ठशांवरून राज्याचं आणि देशाचं रेकॉर्ड बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कंत्राटी माणसाने सुरक्षेच्या पुरवणी करारावर स्वतः सही करायची. करखातं असेल तर आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या आयकरवाल्यांचं, पब्लिकेशन १०७५ (करमाहिती जपायचे नियम). तिथे ठसे हवेतच, शिवाय गेल्या ५ वर्षांत जिथे राहिलात, नोकरी केलीत, शिकलात तिथल्या स्थानिक पोलिसांकडची तपासणी. मी ५ वर्षांत तीन गावं बदललेली! आणि दर ५ वर्षांनी हे सगळं पुन्हा.

माझी तक्रार तपासणीबद्दल नाही, हे आधीच सांगतो. लोकांच्या बायकामुलांची, पगाराची, अटकेची माहिती माझ्या स्क्रीनवर येणार. बघा मला खुशाल. पण ठसे जातात सगळे एकाच ठिकाणी, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला. तिथल्या यंत्राला मी एव्हाना तोंडपाठ असेन. उत्तर दोन दिवसांत येतं. मग पाच आठवडे तो कागद खात्याच्या कुणाच्या तरी मेजावर पडून राहतो. तोवर मी ऑफिसात 'पाहुणा'. गळ्यात वेगळ्या रंगाचं कार्ड, सर्व्हर रूममध्ये जाताना सोबत एक माणूस. घरून काम असेल तर मी टाइप करणार आणि खात्याचा एक कर्मचारी माझी स्क्रीन बघत बसणार. मागच्या खेपेला जो बसायचा तो बिचारा कंटाळून स्वेटर विणायला शिकला. थापा नाही मारत.

प्रश्न साधा आहे. मार्चमध्ये एका खात्याने 'हा माणूस ठीक आहे' म्हटलं, तर सप्टेंबरमध्ये रस्त्यापलीकडच्या खात्याला ते का चालत नाही?

सातारी_तिखट

बोटांच्या रेषा झिजल्या म्हणजे घरात भांडी कोण घासतं ते एफबीआयलाही कळलं तर. वहिनींना नमस्कार सांगा. (हलके घ्या.)

निळाई

वाचतेय. मी याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत. करखात्याच्या प्रोजेक्टवर आहे, पण ती करमाहिती अमेरिकेबाहेरून बघायलाच बंदी. त्यामुळे आम्हाला खोट्या माहितीवर काम. आमच्या टेस्ट डेटात एक करदाता आहे, 'टेस्ट टेस्टकर'. गेली चार वर्षं तो दरवर्षी लग्न करतो, घटस्फोट घेतो आणि परतावा मागतो. खऱ्या डेटात काही मोडलं की तिकडच्या तुमच्यासारख्या कुणाला तरी उठवावं लागतं. आणि तो माणूस पडताळणीत अडकलेला असला तर तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) तसंच पडून. इथे मॅनेजर विचारतो 'का नाही झालं?' काय सांगणार, कुणाच्या तरी बोटाच्या रेषा उमटत नाहीयेत म्हणून?

फाईलवाली

कऱ्हाडकर, मी तुमच्या शत्रुपक्षातली. दुसऱ्या एका राज्यात, एका खात्यात हेच कागद हाताळते. त्यामुळे 'मेजावर पडून' हे जरा लागलं, पण खोटं नाही. आमच्याकडे हे बघायला दीड माणूस आहे. अर्धी मी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे, आळसात नाही. गुन्ह्यांव्यतिरिक्त कामासाठी, म्हणजे नोकरी किंवा परवान्यासाठी, राज्यांना एफबीआयचं रेकॉर्ड मिळतं ते मुख्यतः १९७२च्या ९२-५४४ क्रमांकाच्या कायद्याखाली. त्याची अट अशी की राज्याच्या विधिमंडळाने स्वतः कायदा करून 'या कामाच्या माणसांचे ठसे तपासा' असं म्हटलेलं पाहिजे, आणि तो कायदा वॉशिंग्टनहून मंजूर झालेला पाहिजे. मग जे रेकॉर्ड येतं ते त्या कामापुरतंच वापरायचं. करखात्याच्या कायद्याखाली आलेला तुमचा कागद मी पलीकडच्या खात्याला दाखवला तर नियम मी मोडला. ऑडिटमध्ये हेच बघतात, कागद कुलपात होता का आणि कुणाकुणाला दाखवला.

आणि ही गुप्तता तुमच्याच भल्यासाठी आहे हो. उद्या तुमच्या नावावर वीस वर्षांपूर्वीची एखादी अटक निघाली तर ती सगळ्या खात्यांत चहाबरोबर फिरू नये. २००६ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी काँग्रेसला दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की एफबीआयकडच्या अटकेच्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्यांत पुढे खटल्याचं काय झालं याची नोंदच नाही. अटक दिसते, सुटका दिसत नाही. म्हणूनच नियम आहे की नकार देण्याआधी उमेदवाराला नोंद दुरुस्त करायची संधी द्यायची. मी स्वतः एका माणसासाठी दोन महिने थांबले. काउंटी कोर्टाच्या तळघरातून त्याचा निर्दोष सुटल्याचा कागद निघाला तेव्हा तो माझ्या टेबलाशी उभा राहून रडला.

दुसरं, 'तोंडपाठ असेन' म्हणालात ते तितकंसं खरं नाही. ठसे ठेवून घ्यायचे असं खात्याने सांगितलं तरच ते राहतात. नाहीतर तपासले आणि विषय संपला. पुढच्या वेळी यंत्राला तुम्ही अनोळखी.

मी_कऱ्हाडकर

फाईलवाली, शत्रुपक्ष वगैरे नाही हो. उलट सहा वर्षांत हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

पण मग रेकॉर्ड नका देऊ ना पलीकडे. 'पास' एवढा एक शब्द द्या.

फाईलवाली

नेमकं तेच करायला हवं. कागद पाठवू नये, निर्णय पाठवावा. काही राज्यांत पोलिसांच्या डेटापुरतं हे होतं. कंत्राटदारांची माणसं राज्य पातळीवर एकाच ठिकाणी तपासतात आणि गावोगावचे पोलीस ती यादी मानतात. करखातं, बालकल्याण, आरोग्य यांचे कायदे मात्र वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या शब्दांत झालेले. एकाचं 'ठीक' म्हणजे दुसऱ्याचं 'ठीक' नाही. चेक न वटल्याचा जुना गुन्हा बालकल्याणवाले सोडून देतील, करखातं सोडणार नाही. म्हणून 'पास' या शब्दालाही 'कशासाठी पास' हे चिकटतंच.

बाराबंदी

थोडा वेगळा सूर लावतो. सगळ्यांना सगळं झटपट हवं असतं. अमेरिकी हेरखात्याची गुपितं फोडणारा स्नोडेन कोण होता? कंत्राटी आयटीवाला. २०१३च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात बारा जणांना गोळ्या घालणारा ॲरन अलेक्सिस कोण? तोही कंत्राटी आयटीवाला, कार्ड दाखवून रीतसर आत गेलेला. चार वेळा बोटं काचेवर ठेवली तर ठेवली. पाच आठवडे कंपनी पगार देतेच की.

आडवाटे

बाराबंदी, उदाहरणं बरोबर, निष्कर्ष उलटा. त्या दोघांचीही पडताळणी झाली होती!

अलेक्सिसचंच बघा. २००४ साली सिॲटलमध्ये त्याने रागाच्या भरात एका गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या, अटक झाली. पुढे नौदलात भरती होताना जी पडताळणी झाली तिच्या अहवालात काय आलं? 'टायरमधली हवा काढली.' बंदुकीचा उल्लेखच नाही. मूळ पोलीस रिपोर्ट कुणी मिळवलाच नव्हता. २००८ साली क्लिअरन्स (गोपनीय कामाची परवानगी) मिळाला, दहा वर्षं चालणारा. २०१३च्या ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंडमधल्या हॉटेलातून त्याने स्वतः पोलिसांना फोन केला की भिंतीतून आवाज येतात, कुणीतरी माझ्यावर लहरी सोडतंय. पोलिसांनी नौदल तळाला कळवलंही. त्याचं कार्ड चालूच राहिलं. पुढच्या महिन्यात बारा माणसं गेली.

तिथे आणखी दहा वेळा ठसे घेऊन काय झालं असतं? एक तर पहिली तपासणी नीट हवी होती, आणि नंतर काही घडलं की कुणीतरी जागं व्हायला हवं होतं. 'पुन्हा पुन्हा पहिल्यापासून' या पद्धतीत ही दोन्ही कामं होत नाहीत, कारण माणसं नव्या अर्जांच्या ढिगाखालीच गाडलेली असतात. ज्या खाजगी कंपनीकडे सरकारने ही पडताळणी दिली होती, तिच्यावर तर न्यायखात्याने दावा लावला की २००८ ते २०१२ दरम्यान किमान ६,६५,००० प्रकरणं पूर्ण न तपासताच 'झालं' म्हणून पाठवून दिली. त्या कंपनीत याला शब्द होता, 'डंपिंग'. घाईचा आणि ढिगाचा हाच परिणाम.

केंद्र सरकारच्या पातळीवर २०१८च्या एप्रिलमध्ये तुंबलेल्या प्रकरणांचा आकडा ७,२५,००० वर गेला होता. तेव्हा त्यांनी पद्धत बदलायला घेतली. ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासण्याऐवजी सतत लक्ष ठेवायचं, आणि एका खात्याने दिलेला क्लिअरन्स दुसऱ्याने मानायचा. कागदावर तरी.

राज्यांसाठीही सोय आहे. २०१४पासून एफबीआयची 'रॅप बॅक' नावाची सेवा आहे. ठसे एकदा द्यायचे आणि ठेवून घ्यायचे. पुढे कुठेही अटक झाली आणि ठसे घेतले गेले की खात्याला आपोआप निरोप जातो. म्हणजे पाच वर्षांनी बोटं पुन्हा लोळवायचं कारणच उरत नाही. पण राज्याने त्यासाठी कायदा करायला हवा, यंत्रणा जोडायला हवी, पैसे भरायला हवेत. तिथे गाडी अडते.

बाराबंदी

हवा काढली?? हे माहीत नव्हतं. सूर मागे घेतो, अर्धा.

पण 'ठसे ठेवून घ्या' हे मला पटत नाही. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कार्मिक खात्यातूनच २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात ५६ लाख लोकांचे ठसे. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

फाईलवाली

याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच मी 'ठेवा' या पर्यायावर अजून आमच्या साहेबांशी भांडलेली नाही.

तालुक्याचा_ऑपरेटर

सगळ्यांचं अमेरिकेचं चाललंय, मी जरा गावाकडचं सांगू का? एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात नऊ वर्षं ऑपरेटर आहे. सरकारी नाही, एजन्सीतर्फे. टेंडर दर एक-दोन वर्षांनी निघतं. एजन्सी बदलते, खुर्ची तीच, माणूस तोच, पगार तोच (हे विशेष). पण नवीन एजन्सी आली की पहिलं वाक्य, "चारित्र्य पडताळणीचा दाखला आणा."

मग ऑनलाइन अर्ज, फी, पोलीस ठाण्यात चक्कर. साहेब नसतात. दुसरी चक्कर. एका दिवसाची मजुरी गेली. मागच्या वेळी ठाण्यातले म्हणाले, "तूच ना तो? आमचं नेट बंद पडलं की येतोस तो?" म्हटलं हो, तोच. तरी "दोन फोटो आण".

आता गंमत ऐका. चारित्र्य माझं सहा वेळा तपासलं. पण ज्या लॉगिनवर मी नऊ वर्षं काम करतोय ते माझं नाहीच. साहेबांचं आहे. साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत. पिन नंबर मॉनिटरच्या मागे चिकटवलेला. साहेब बदलून गेले की नवीन डोंगल येतं, डबी तीच. उद्या काही भानगड झाली तर रेकॉर्डला सही साहेबांची, आणि तुरुंगात कोण जाईल ते सांगायची गरज नाही.

निळाई

पिनांची डबी! हसावं की रडावं. दादा, ते डोंगल आधी साहेबांच्या कपाटात जाऊ दे. लेखी देऊन टाका, पोच घ्या.

तालुक्याचा_ऑपरेटर

ताई, लेखी दिलं तर पुढच्या टेंडरला माझं नाव यादीत राहणार नाही.

हवालदार_निवृत्त

मी ३१ वर्षं खात्यात, शेवटची सात ठाण्याच्या गोपनीय शाखेत. पासपोर्ट, चारित्र्य पडताळणी सगळं आमच्याकडेच यायचं. दोन शब्द आमच्या बाजूचे.

अमेरिकेत आणि आपल्यात मूळ फरक हा की तिकडे ठशावर बघतात, आपण नावावर आणि पत्त्यावर. आमच्या हद्दीतल्या एका गावात एकाच नावाचे तिघं होते, त्यातल्या दोघांच्या वडलांचं नावही तेच. एकावर दारूबंदीचा गुन्हा. बाकीच्या दोघांच्या पडताळणीला दर वेळी मी स्वतः जाऊन 'तो हा नव्हे' असं लिहून द्यायचो. मी बदलून गेल्यावर कुणी लिहिलं असेल का, देव जाणे.

पूर्वी आपल्या ठाण्याची रजिस्टरं चाळायची, बस. माणसाने दुसऱ्या जिल्ह्यात काही केलं असेल तर आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पत्र पाठवायचं आणि वाट बघायची. २००९ला सीसीटीएनएस (देशभरच्या ठाण्यांच्या गुन्हे-नोंदी जोडणारी संगणक यंत्रणा) मंजूर झालं आणि पुढच्या काही वर्षांत ठाणी जोडली गेली, तेव्हा सुधारणा झाली. २०२२पासून ठशांचं देशपातळीवरचं नाफिसही आहे, पण ते गुन्ह्याच्या तपासासाठी. ऑपरेटरच्या दाखल्यासाठी कुणी ठसे लावत नाही.

ऑपरेटरसाहेब, ठाण्यातल्या माणसाला तुम्ही रोज दिसता, तरी दाखला नवा लागतो, कारण जुना दाखला त्या तारखेपुरता. काल सही केली आणि आज माणसाने काही केलं तर माझी सही अडकते. फाईलवाली ताईंचं आणि माझं दुखणं एकच दिसतंय.

गुळपोळी

अवांतर नाही, पण जवळचा प्रश्न. भावाचं एका सरकारी उपक्रमात सिस्टीम ॲडमिनच्या पदासाठी निवडपत्र आलंय. साक्षांकन नमुन्यात विचारलंय, 'कधी अटक, खटला, गुन्हा?' कॉलेजात असताना फीवाढीच्या मोर्चात पकडून नेलं होतं, संध्याकाळी सोडलं. गुन्हा दाखल झाला होता, पुढे मिटला. एजंट म्हणतो 'नाही' लिहा, कुणाला कळतंय.

काळाकोट

गुळपोळी, एजंटचं अजिबात ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा २०१६चा अवतार सिंग खटल्याचा निकाल भावाला वाचायला द्या. थोडक्यात असं : नमुन्यात विचारलेली माहिती खरी द्यायची. खरी दिली तरी नेमणूक करायची की नाही हे मालक ठरवू शकतो, पण त्याने गुन्ह्याचं स्वरूप, पद, परिस्थिती बघायला हवी. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल, तर ती लपवल्याबद्दलही माफी देता येते असं न्यायालय म्हणतं. पण माफी 'देता येते', 'द्यावीच लागते' असं नाही. लपवून सापडणं हा मूळ प्रकरणापेक्षा मोठा डाग होतो. आमच्याकडे येणारे निम्मे लोक गुन्ह्यामुळे नाही, त्या एका 'नाही'मुळे येतात.

एफआयआरची प्रत आणि प्रकरण मिटल्याचा कोर्टाचा आदेश दोन्ही जोडा. आदेश नसेल तर आजच नक्कल काढायला टाका, नक्कल विभागात वेळ जातो.

लेस्टरकर

उशिरा आलो. ब्रिटनमध्ये हेच दुखणं होतं. इथे पोलीस दलं चाळीसच्या वर, प्रत्येकाची पडताळणी निराळी. एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस दहा दलांत गेला तर दहा वेळा फॉर्म. मग राष्ट्रीय कंत्राटदार पडताळणी योजना आली. वॉरिकशायर पोलीस एकदा तपासतात आणि योजनेतली बाकीची दलं ते मानतात. मी स्वतः त्याच दाखल्यावर तीन दलांत काम केलंय. फॉर्म मात्र भयंकर. आईवडील, सासूसासरे, भावंडं, सगळ्यांच्या जन्मतारखा. माझ्या सासूबाईंच्या तीन कागदांवर तीन जन्मतारखा आहेत, त्यातली शाळेत घातलेली १ जून. कुठली लिहू विचारलं तर त्या म्हणाल्या, "जी आवडेल ती लिही, पण मला म्हातारी करू नकोस."

सातारी_तिखट

१ जूनचा उल्लेख झाला, धागा आता खरा मराठी झाला.

फाईलवाली

लेस्टरकर, सगळ्यांनी मिळून एकाला नेमायचं, हे आमच्याकडे का होत नाही याचं खरं कारण सांगू? 'त्यांनी तपासलं आणि काही निसटलं तर जबाबदार कोण?' प्रत्येक बैठक या वाक्यावर संपते. हवालदारसाहेब म्हणाले तेच, सही अडकते. इंग्लंडात ती सही कोणाची, हे तरी एकदाचं ठरलं.

मी_कऱ्हाडकर

अपडेट. अपेक्षेप्रमाणे अनामिका परत आली, 'ठसा वाचण्यायोग्य नाही'. दुसऱ्यांदा नकार आल्यामुळे आता नावावरून तपासणी होणार. म्हणजे हवालदारसाहेब, सहा वर्षं ठसे देऊन शेवटी मी तुमच्याच पद्धतीवर आलो! माझ्या नावाचे अमेरिकेत किती असतील कोण जाणे, त्यातल्या कुणी टायरमधली हवा काढली नसली म्हणजे मिळवली.

दरम्यान कंपनीने कळवलंय की जानेवारीपासून पाचवं खातं. पत्र आलं : ठसे, बुधवार, सव्वादोन.

निळाई

टेस्ट टेस्टकरला पाठवू का तुमच्या जागी? त्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे.

हवालदार_निवृत्त

कऱ्हाडकर, आठ दिवस रोज रात्री हाताला व्हॅसलीन चोळून सुती मोजे घालून झोपा. ज्या दिवशी जायचं त्या सकाळी मात्र काही लावू नका, काच तेलकट होते आणि ठसा फिसकटतो. आणि आठवडाभर भांडी बंद.

मी_कऱ्हाडकर

शेवटचं वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.